बॉक्सवरचं नाव

२८ जुलै २०२५, सोमवार

ही डायरी रुचिरासाठी आणलेली. हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, मनात येईल ते लिहून काढ, हलकं वाटेल. तिने पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं आणि डायरी कपाटात टाकली. आज कपाट आवरताना हाती लागली. कोरी वही फुकट घालवायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून मी लिहितोय. हलकं वगैरे वाटेल अशी माझी काही आशा नाही.

डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. रुचिराला तिसरा महिना लागलाय. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आमची पहिली मुलगी गेल्या वर्षी कशाने गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. रक्ताच्या तपासण्या झाल्या, जीनच्या झाल्या, हाती भोपळा. पण तिच्या मांडीच्या स्नायूचा एक तुकडा हॉस्पिटलने तेव्हा गोठवून ठेवलाय. तो बंगळुरूच्या एका लॅबला पाठवला तर आजाराचं नाव कळायची शक्यता आहे. नाव कळलं, तर पोटातल्या बाळाला तेच आहे का हे वेळेत बघता येईल. नाहीतर याही बाळाला तोच आजार असायची शक्यता चारात एक, म्हणजे डोळे मिटून उडी.

“तुकडा एकच आहे,” बाई म्हणाल्या. “वाटेत वितळला तर विषय संपला. विमानाने पाठवायचा म्हणजे नीट पॅक करणारा माणूस बघा.”

रुचिरा हसली. किती महिन्यांनी हसली असेल. माझ्याकडे बोट करून म्हणाली, “हाच की तो.”

३० जुलै

मरोळला नंदूशेठच्या गाळ्यात आम्ही विमानाने जाणारा धोक्याचा माल पॅक करतो. रंग, अत्तरं, बॅटऱ्या, लॅबची सँपलं. लोकांना वाटतं पॅकिंग म्हणजे टेप मारणं. अरे, टेप माझी आईपण मारेल. खरं काम बॉक्सवर काय लिहायचं ते. पुस्तकात जे नाव दिलंय तेच लिहायचं, अक्षर इकडचं तिकडे नाही. लाडाचं नाव चालत नाही, कंपनीने ठेवलेलं नाव चालत नाही. मग त्या वस्तूचा नंबर. कुणी पाठवला, कुणाला पाठवला. आत ड्राय आइस असेल तर किती किलो. आणि असल्या सँपलांवर एका जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नंबर. सगळं ठळक, न पुसणारं, कशाखाली झाकलं न जाणारं. आणि नियमात नाही अशी एकही खूण बॉक्सवर नको. एका पार्टीने शोभेला म्हणून बाण काढून आणला होता. मी अख्खा बॉक्स बदलायला लावला. पार्टीने शिव्या घातल्या, मी खाल्ल्या.

धम्मपाल मला हेडमास्तर म्हणतो. तो विक्रोळीचा, माझ्याबरोबरच इथे लागला. मार्किंग मी करतो, तपासून सही तो करतो. त्याची सही झाल्याशिवाय बॉक्स दाराबाहेर जात नाही.

त्याला आमच्या बॉक्सचं सांगितलं. तो म्हणाला, “तू नको करू रे हा. घरचं आहे, हात थरथरेल. मी करतो, तू तपास.”

मी ऐकतोय होय. माझ्या मुलीचा बॉक्स मीच करणार.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी जेवताना रुचिराने विचारलं, बॉक्सवर काय लिहिणार? मी सांगितलं. जैविक पदार्थ, वर्ग ब, असं इंग्रजीत.

“आणि तिचं नाव?”

नाव होतं कुठे? बारशाआधीच गेली. हॉस्पिटलात पायाच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ रुचिरा’ होतं. आम्ही आपले बाळ, बाळ म्हणायचो. मी म्हटलं, जबाबदार माणूस म्हणून माझं नाव असणार, माझा मोबाइल नंबर असणार. बाप आहे ना मी, मग झालं की. ती म्हणाली, “हो, ते बरं आहे.”

मग तिने पुन्हा ते तिटीचं काढलं. बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा हिने हळूच हात घालून तिच्या गालाला काजळाची तीट लावली होती. नर्सने बघितलं आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकली, वर चार शब्द सुनावले. दोन दिवसांनी बाळ गेलं. आता त्याचा याच्याशी काय संबंध? मी शंभरदा समजावलंय. ती म्हणते, संबंध नाही ते मलाही कळतं, पण ती बिनतिटीची गेली रे.

संध्याकाळी गावाहून आईचा फोन. “तिका एकटी सोडू नको रे,” म्हणाली. काजळ पाडून पाठवलंय, पोचलं का विचारत होती. पोचलंय. रुचिरा रोज तेच घालते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

हॉस्पिटलच्या समितीची सही अडकून पडली होती, ती आज सकाळी मिळाली. रिपोर्टला महिना लागतो, आता दिवस घालवू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. लॅबवाल्यांना विचारलं, ते म्हणाले सुट्टीतही आमचा माणूस असतो.

धम्मपाल म्हणाला, “सोमवारी पाठव. उद्या पंधरा ऑगस्ट, परवा दहीहंडी, मग रविवार. काही अडलं तर फोन उचलायला कुत्रं नसेल.”

“विमानाला सुट्टी असते का?” मी म्हटलं.

रुचिरा दुपारी डबा घेऊन थेट गाळ्यावर आली. डब्याचं निमित्त. बॉक्स बघायचा होता तिला. आत नळी, तिच्याभोवती दुसरं भांडं, मग ड्राय आइस, मग जाड थर्माकोल, मग पांढरा बॉक्स, त्यावर सगळं माझ्या हाताने लिहिलेलं. असं अक्षर माझं शाळेत असतं तर पहिला आलो असतो. ती म्हणाली, जरा घेऊ का? घे म्हटलं. स्टुलावर बसून मांडीवर घेतला तिने. थंड लागतोय म्हणाली. रडत होती, काजळ गालभर पसरलेलं. मला नंदूशेठने सहीसाठी आत बोलावलं, म्हणून तिला धम्मपालपाशी सोडून गेलो. परत आलो तर ती शांत होती, एकदम शांत. मला बरं वाटलं. म्हणाली, “आता जाऊ दे तिला.”

धम्मपालने सही केली. कार्गो एजंटचा माणूस बॉक्स घेऊन सहारला विमानतळावर गेला. तासाभराने त्याचा मेसेज आला, माल दिला. शेठने गाळ्याला कुलूप लावलं आणि आम्ही घरी आलो. रुचिराने आज पोटभर खाल्लं.

१५ ऑगस्ट

लॅबचा माणूस म्हणतो, बॉक्स आला नाही. सुट्टीचा दिवस, उशीर होत असेल. एजंटचं ऑफिस बंद. पण माझा फोन हातात आहे. काही अडलंच तर पहिला फोन मलाच येणार, नंबर माझ्याच अक्षरात बॉक्सवर आहे. चार्जर खिशात घेऊन फिरतोय.

दुपारी राहवेना, कार्गोच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. पास काढायची खिडकी बंद. गेटवरचा शिपाई म्हणाला, सोमवारी या.

१६ ऑगस्ट

पुन्हा गेट. एजंटच्या माणसाला फोन लावला तर पलीकडे ढोल आणि गोविंदांचा गोंगाट. मी ओरडतोय, तो ओरडतोय, कुणालाच काही कळत नाही. ड्राय आइस मी दोन दिवसांचा जास्तच घातला होता. रुचिराला सांगितलं, पोचला बॉक्स. खोटं बोललो. बोलायलाच हवं होतं.

१७ ऑगस्ट

फोन आला नाही. आता आतला बर्फ किती उरला असेल याचा हिशोब मी करत नाही. आपोआप होतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

सापडला. सहारलाच होता, एका कोपऱ्यात, संशयित मालाच्या जाळीत. तिथला पोरगा चांगला होता, नीट बोलला. “सर, जबाबदार माणसाचा नंबर वाचता येत नव्हता. शेवटच्या आकड्यांवर काळा डाग पसरला होता. डाग म्हणजे गळती असू शकते, म्हणून बाजूला ठेवला. कागदावर तुमच्या गाळ्याचा नंबर होता, त्यावर कितीदा फोन केला. वाजत राहिला.”

त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, वर पार्टीला झापलं असतं. गाळ्यातला फोन वाजत होता आणि मी अर्ध्या तासावर गेटबाहेर मोबाइल धरून उभा होतो. शेठकडून चावी घेऊन नुसता गाळ्यात जाऊन बसलो असतो तरी पुरे होतं.

बॉक्स गाळ्यावर आणून उघडला. आत बर्फ नव्हता. ओलसुद्धा नव्हती. ड्राय आइसचं पाणी होत नाही, तो नुसता निघून जातो. नळी कोमट लागली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आता त्याचा उपयोग नाही हो.

मग मी धम्मपालकडे वळलो. त्याच्या टेबलाला पट्ट्या मारायचं मशीन आहे, सदा ग्रीसने बरबटलेलं. डाग दाखवला आणि विचारलं, हा तुझा हात ना? त्याने डागाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. “हो,” म्हणाला. “लागला असेल.”

लागला असेल! एवढंच. मी त्याची कॉलर धरली. नंदूशेठने सोडवलं. काय काय बोललो ते लिहीत नाही, त्याच्या आईवर गेलो एवढं आठवतं. त्याने हातही उचलला नाही. मला तर उलट जास्त राग आला, निदान भांड तरी.

घरी रुचिराला सगळं सांगावं लागलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. काळ्या डागाचं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “कुठे होता?”

“माझ्या नावाखाली. नंबरवर. धम्मपालच्या हाताचं ग्रीस.”

“ते म्हणाले असं?”

“कबूल केलं त्याने.”

ती उठून मोरीत गेली. नळ किती वेळ चालू होता. रडू दे म्हटलं, मोकळी होईल.

१९ ऑगस्ट

शेठने धम्मपालला तपासणीवरून काढलं, भिवंडीच्या गोडाऊनवर पाठवलं. मी समोर उभा होतो. जाताना माझ्या टेबलावरचा त्याचा स्टीलचा पेला उचलला आणि म्हणाला, “वहिनीला जप.”

घरी हे सांगितलं तर रुचिरा माझ्यावर उसळली. “भाऊजींना कशाला काढलं? परत आण त्यांना. तू जा, शेठना सांग.” आता हिला त्याचा पुळका! मी म्हटलं, ज्याच्यामुळे वाट लागली त्याच्यासाठी रडतेस? ती काहीतरी बोलणार होती. मग उठून भांडी घासायला लागली.

२३ ऑगस्ट

रुचिरा काजळ घालत नाही हल्ली. डोळे ओकेबोके दिसतात. आज आईने पाठवलेली डबी कचऱ्याच्या बादलीत दिसली. धुऊन पुसून परत फळीवर ठेवली. म्हटलं, रडून रडून वैतागली असेल, उद्या शोधेल. आईने एवढ्या लांबून पाठवलेलं असं टाकतात का.

२७ ऑगस्ट

गणपतीला गावी गेलो नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. आईला सांगितलं, डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटलंय. शेजारच्या विंगेत आरती चालली होती. रुचिरा म्हणाली, दार लाव. लावलं.

३ सप्टेंबर

डॉक्टरबाईंकडे. आता दुसरा काही मार्ग नाही. सोनोग्राफीत बाळ छान दिसतंय, पण पहिलीही छानच दिसत होती. पुढे जायचं की थांबायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, फार वेळ लावू नका, असं म्हणाल्या. रिक्षात मी म्हटलं, बोल काहीतरी. रुचिरा म्हणाली, “मला विचारू नकोस. माझ्या हाताला यश नाही.”

हे हाताचं मधेच कुठून आलं ते मला कळलं नाही. आजकाल ती असंच तुटक बोलते. मला ठरवू म्हणता ठरवता येत नाही. एक दिवस वाटतं थांबावं, पुन्हा ती काचेची पेटी नको. दुसऱ्या दिवशी ती झोपेत पोटावर हात ठेवते ते दिसतं.

९ सप्टेंबर

लिहायला हात उचलत नाही, पण हे लिहून ठेवतो.

तो बॉक्स गाळ्यात फळीखाली पडून होता. आज शेठ म्हणाला, टाक तो एकदाचा. रिकामा बॉक्स बाहेर टाकताना त्यावरच्या सगळ्या खुणा पुसायच्या किंवा काळ्या करायच्या, नाहीतर कचरा उचलणाऱ्याला वाटेल आत अजून माल आहे. हाही नियमच. मी थिनरचा बोळा घेऊन बसलो. एकेक अक्षर पुसत गेलो. माझ्या नावाशी आलो. डागावर आधी नुसतं बोट फिरवलं, सवयीने. काळं बोटाला आलं.

स्टँपची शाई अशी बोटाला येत नाही, मार्कर तर नाहीच. ग्रीस येईल, पण ग्रीसला त्या मशीनचा जळका वास असतो, तो मी अंधारातसुद्धा ओळखेन. मी बोट नाकाशी नेलं. तूप. तूप आणि कापूर.

नीट बघितलं. डाग नंबरवर ओघळलाय, पण तो सुरू होतो माझ्या नावाच्या खाली, उजवीकडे. तिथे अजून गोल आहे. बोटाच्या टोकाएवढा.

मी थिनरचा बोळा टाकून दिला. शेठने विचारलं, काय झालं रे. म्हटलं, डोकं चढलं वासाने. तसाच निघालो आणि भिवंडीची बस पकडली.

धम्मपाल गोडाऊनच्या बाहेर चहा पीत होता. मला बघून त्याने अर्धा चहा दुसऱ्या ग्लासात ओतला. मी म्हटलं, तू बघितलं होतंस.

“बघितलं,” तो म्हणाला. “तू आत गेलास, तिने डोळे पुसले. बोटाला काजळ लागलं होतं. बघत बसली बोटाकडे. मग तुझ्या नावाखाली टेकवलं, एवढंसं. पोरांच्या गालाला लावतात तसं.”

“पुसायचं होतंस ना.”

“तिच्यासमोर?”

“ती गेल्यावर.”

“गेल्यावरपण हात गेला नाही रे. नंबरला लागत नव्हतं. एवढासा ठिपका. म्हटलं, राहू दे. सही केली.” ग्लास खाली ठेवून म्हणाला, “थंड बॉक्स, बाहेर दमट हवा, त्यात हमालांचे हात. ओघळणारच होतं. मला कळायला हवं होतं. तपासणी माझी होती ना, मग चूक माझीच. मी खोटं काही बोललो नाही तुझ्याशी.”

मी त्याच्या आईवरून बोललो होतो. ते मनात आलं, तोंडात आलं नाही. चहा संपवला. त्याने विचारलं, वहिनीला माहितीय? मी म्हटलं, नाही, तिला काही कल्पना नाही. आणि कळूही द्यायचं नाही. हे कळलं तर ती जगायची नाही. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. मग मान हलवली.

१० सप्टेंबर

सकाळी शेठला सांगितलं, धम्मपालला परत घ्या, डाग त्याचा नव्हता, माझाच हात लागला होता. शेठने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बघू म्हणाला.

संध्याकाळी घरी आलो. रुचिरा तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, काल धम्मपाल भेटला होता.

तिचा हात थांबला. “काय म्हणाले?”

“काय म्हणणार. ग्रीसच होतं. मशीनचं.”

“तू बघितलंस नीट?”

“बघितलं. वास घेऊन बघितला. ग्रीसच.”

तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मी नजर हलवली नाही, खोटं बोलायला मी काही कच्चा नाही. मग ती म्हणाली, “बरं,” आणि परत तांदळात खडे शोधू लागली. ताटात एकही खडा नव्हता. पटलं तिला. एवढं तरी जमलं मला. निदान हे तरी तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही.

फळीवरची काजळाची डबी मी उचलून माझ्या बॅगेत टाकली. उद्या कुठेतरी लांब टाकेन.

११ सप्टेंबर

सकाळी निघताना रुचिरा दारात आली. म्हणाली, “आपण थांबायचं नाही. पुढे जाऊ या. जे व्हायचं ते होईल.”

मी चप्पल घालता घालता थांबलो. ठीक आहे म्हटलं.

“एक कर,” ती म्हणाली. “या वेळी बारशाची वाट बघायची नाही. नाव आत्ताच ठेवू. मुलगा झाला, मुलगी झाली, कुणालाही चालेल असं. कागदावर लिहून ठेव तू, तुझं अक्षर चांगलं आहे.”

मी आत आलो, कागद घेतला, मार्कर उघडला. ती शेजारी बसली, दोन्ही हात ओढणीखाली धरून. आम्ही तसेच बसून राहिलो. मला कामाला उशीर झाला, मार्करचं टोक वाळलं. दोघांनाही एकही नाव सुचलं नाही.